सालोमी मावशीची साक्ष

सालोमी मावशी देवाशी बोलताना डोळे मिटत नाहीत. त्यांचे हातही कामातच असतात. चादरीची सुरकुती काढता काढता, ओला रुमाल पिळता पिळता त्या बोलतात, आणि आवाज इतका खालचा की पहिल्या दिवशी मला वाटलं, त्या पलीकडच्या खाटेवरच्या बाईशी बोलत असतील. पलीकडची खाट रिकामी होती.

"पाहून राहिला ना?" त्या म्हणत होत्या. "एकशे तीन आहे. पोट्टीनं सकाळपासून दोन घोट पाणी घेतलं नाही. मी काई म्हणत नाही, फक्त सांगून राहिली."

पोट्टी म्हणजे माझी रागिणी. आम्ही अकोल्याचे, तिला बारावीनंतर अमरावतीला कोचिंग क्लाससाठी ठेवलं होतं. गेल्या ऑक्टोबरात तिच्या वसतिगृहातून फोन आला की ताप उतरत नाही, डेंग्यू निघाला आहे, दवाखान्यात नेत आहोत. मी बडनेऱ्याला गाडीतून उतरले आणि ऑटोत बसले ते आठवतं. मधला रस्ता आठवत नाही. खोलीत पाऊल टाकलं तेव्हा एक सावळ्या, हाडकुळ्या, साठीला आलेल्या बाई तिच्या कपाळावर पट्टी ठेवत होत्या. त्या दवाखान्यातल्या आया. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणू लागले.

आम्ही तिथे आठ दिवस होतो. त्या दिवसांतल्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. खिडकीला हिरवा पडदा होता आणि त्यातून येणारा उजेड विहिरीच्या तळाशी असतो तसा, हलणारा. पंख्याचा एकसुरी आवाज. रागिणी तापात कधी जागी, कधी झोपेत, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. अशाच एका दुपारी ती म्हणाली,

"आई, मावशीशी कोण बोलतं?"

"कोणी नाही गं. त्या एकट्याच बोलतात."

"मग त्या मधे मधे थांबतात कशाला?"

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्या नुसत्या हसल्या आणि पट्टी बदलली.

मावशींचा बाप याकोबजी मोर्शीकडच्या एका खेड्यात संत्र्याच्या बागेचा रखवालदार होता. आजोबा ख्रिस्ती झालेले, त्यामुळे गावात त्यांचं घर एकच. बागेतच खोपडी, खोपडीच्या दाराला सागाची चौकट. त्या चौकटीवर याकोबजी दरवर्षी चुन्यानं दोन शब्द लिहीत : देव एक. पावसात ते शब्द धुऊन जात. दिवाळीच्या सुमाराला ते पुन्हा लिहीत.

"कावून लिवत होते?" मी मावशींचीच बोली उचलून विचारलं. त्यांना मजा वाटली.

"शास्त्रात सांगतलं आहे ना. लय जुनी गोष्ट. एक लोकं होते, वाळवंटातून चालले होते. तिकडं गावागावाचा देव वेगळा. पावसाचा वेगळा, पिकाचा वेगळा. त्याईले देवानं सांगतलं का बाबू, तुमचा मी एकच. माह्यावर जीव लावा तं अख्खा लावा, अर्धा नोको. आन हे इसरू नोका. घरात बसले का म्हणा, वाटेनं चालले का म्हणा, निजताना म्हणा, उठताना म्हणा. दाराले लिऊन ठेवा. माहा बाप तसाच करे. चार टाइम म्हणे."

"म्हणजे यहुद्यांचं ते. तुम्ही तर येशूचे."

"येशू कोणाचा होता मंग?" मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी बी.ए.ची पदवी मला आठवली. "त्याले एकानं इचारलं, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती? त्यानं नवीन काई नाही काढलं. हेच सांगतलं. जुनंच."

बागेचे मालक नत्थुजी थट्टेखोर. पहाटे याकोबजींचं पुटपुटणं ऐकलं की म्हणायचे, "याकोबा, तुह्या देवाले एकदा सांगून समजत नाही काय रे?" आणि याकोबजी म्हणायचे, "देवाले समजते मालक. मलेच इसरायले होते."

बहार आला की बाग पांढरी होई. काळ्या मातीवर फुलांचा सडा, आणि वास इतका दाट की लहानग्या सालोमीला त्यातच गुंगी येई. देव पहिल्या माणसांच्या बागेत संध्याकाळच्या गारव्याला फिरायला येत असे, असं बापानं तिला सांगितलं होतं. म्हणून दिवस मावळताना ती एका झाडाखाली आडवी होऊन कान जमिनीला लावी. दोन ओळींच्या मधून कोणीतरी चालत येतंय असं तिला वाटे. पाचोळा वाजे. मग तिचा डोळा लागे आणि बाप तिला उचलून खोपडीत नेई.

"आला होता का देव?" मी विचारलं.

"कोणीतरी चालत होतं," मावशी म्हणाल्या. "बाप असन. मले त्या वक्ती फरक समजत नव्हता."

मी मात्र त्या आठ दिवसांत एकाही देवाला सोडलं नव्हतं. रागिणीच्या खाटेच्या दांड्याला लाल धागा, काळा धागा, एका ऑटोवाल्यानं दर्ग्यातून आणून दिलेला ताईत. उशीखाली अंगाऱ्याच्या तीन पुड्या. एक माझ्या माहेरची, एक सासरची, आणि एक कोणाची ते मला आता आठवत नाही. मावशी चादर बदलताना सगळं एकेक करून सोडायच्या, बाजूच्या टेबलावर क्रमानं मांडायच्या आणि चादर घालून झाली की पुन्हा तसंच बांधायच्या. लालच्या जागी लाल, काळ्याच्या जागी काळा.

दीक्षा नावाची एक तरुण नर्स होती. ती म्हणाली, "मावशी, तुमचाही एक क्रॉस लटकवून द्या ना. सगळे हजर झाले म्हणजे बरं."

"माहा बांधता येत नाही व," मावशी म्हणाल्या. "तो आधीच येऊन बसला आहे."

चौथ्या दिवशी प्लेटलेट्स फार खाली गेल्या. डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारपर्यंत पाहू, मग ठरवू. काय ठरवू ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी मावशींचा हात धरला. "मावशी, तुम्हीसुद्धा तुमच्या देवाला काही बोला ना."

"बोलूनच तं राहिली."

"तसं नाही हो. नवस. काहीतरी कबूल करा."

"त्याले काय कबूल करू बाई? माह्याजवळ जे आहे ते पहिलेच त्याचं आहे."

मला राग आला. इतकं लेकरू तापानं फणफणलं आहे आणि ही बाई शब्दाचासुद्धा चिंगूसपणा करते! मी गॅलरीत जाऊन सासूबाईंना फोन लावला. माझ्या सासूबाई, कौशल्याबाई, अकोल्याच्या घरी पोथी घेऊन बसल्या होत्या.

"नवस बोलली काय तू?"

"बोलले. सगळीकडे बोलले."

"सगळीकडे काय बोलतं! आपल्या अंबादेवीले बोल. आन सोपं नोको बोलू. सोपं तं सगळेच बोलते. कठीण बोल."

मी फोन ठेवला. काचेतून आत पाहिलं. मावशींचे दोन हात माझ्या मुलीच्या कपाळावर होते, आणि त्या हिरव्या उजेडात ते हात मला मावशींपासून सुटलेले, स्वतंत्र दिसले. जणू पाण्यात तरंगणारे. त्या क्षणी जगात मला त्या हातांहून कठीण, त्या हातांहून मोलाचं दुसरं काही सुचलं नाही. मी मनात म्हणाले : आई अंबे, माझी लेक उठू दे. हेच हात तुझी ओटी भरतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा थोडा वर आला. तिसऱ्या दिवशी सकाळी रागिणी म्हणाली, "आई, भूक लागली." मी रडले. मावशी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या वेळी मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत, बराच वेळ.

आम्ही अकोल्याला परतलो. नवसाचं मी फक्त सासूबाईंना सांगितलं होतं. मावशींना कसं सांगावं हे कळेना. दिवाळी गेली, डिसेंबर गेला. रागिणी घरूनच ऑनलाइन अभ्यास करू लागली. जानेवारीत तिला एक दिवस ताप आला, साधा, सर्दीचा. मी रात्रभर तिच्या उशाशी बसले. सकाळी सासूबाई दारात उभ्या होत्या.

"ओटी राहिली आहे," एवढंच म्हणाल्या.

त्या रविवारी मी पहिल्या गाडीनं अमरावती गाठली. ओटीचं सगळं पिशवीत होतं : हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

मावशींचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. त्या नुकत्याच उपासनेहून आल्या होत्या, पांढऱ्या साडीत. त्यांचा मुलगा शांतवन घरी होता. पस्तिशीचा, भारदस्त, वरूडहून संत्र्यांचा ट्रक चालवतो. मी कोण ते ऐकून म्हणाला, "घे आई, पेशंटची आई आली. आता तुहा भाव वाढला. मले चहा तरी भेटन काय?"

"भाव वाढला तं तूच कर चहा," मावशी म्हणाल्या.

त्यानं खरंच चहा केला, आणि चांगला केला. तिकडे बहार धरला आहे, रात्री गाडीच्या काचा खाली केल्या तर झोप येते इतका वास असतो, असं सांगत बसला. मग गाडी धुवायला गेला. मी पिशवी उघडली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मावशी खणाकडे पाहत राहिल्या.

"माह्या हातानं?"

"हो."

"मले न इचारता?"

मी मान खाली घातली.

"तुमी तं इफ्ताहासारखं केलं बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमच्या शास्त्रात आहे एक सरदार. लढाई जिंकली तं घरातून पहिलं जे बाहेर येईन ते देवाले देतो म्हणे. दुसऱ्याच्या जिवाचा नवस."

"मग काय झालं?"

मावशींनी माझा चेहरा पाहिला आणि जीभ चावली. "जाऊ द्या. त्याचं आपल्याले काय." पहिली बाहेर आली ती त्याचीच लेक होती, हे मला पुढे कळलं.

"मावशी, एकदाच," मी म्हणाले. "तुम्ही मनात काही आणू नका. देवीला मानू नका. फक्त हात पुढे करा. पाच मिनिटांचं काम आहे."

"फक्त हात? हात काय भाड्यानं भेटते?"

"मुलीवर येईल हो!" माझा आवाज चढला. "नवस फेडला नाही तर तिच्यावर येईल. परवा ताप आला होता तिला. तुम्ही आई आहात, तुम्हाला कळत नाही?"

बाहेर ट्रकवर पाणी मारल्याचा आवाज येत होता. मावशी उठल्या, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर खाली बसल्या.

"त्याले ठाऊक नाही," त्या दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तो सहा वर्साचा होता तवा त्याले कावीळ झाली. डोळे, नखं, सगळं पिवळं. नवरा गाडीवर, आसामात की कुठं. बाप तवा जिता होता, पण गावाले. शेजारी गोदाबाई होती, भली बाई. मले म्हणे, तुह्या एका देवाच्यानं होत नसन तं आमच्या देवीकडं चाल. मी गेली. रातभर मी ज्याले हाक मारली होती त्याले सांगतलं बी नाही का मी चालली. पाठ केली आन गेली. नवस बोलली."

"मग?"

"मंग काय! बरा झाला पोट्टा. मी नवस फेडला."

मला वाटलं होतं, गोष्ट दुसरीकडे जाईल.

"तुमाले वाटलं असन का देव कोपला," मावशी म्हणाल्या. "कोपला असता तं बरं वाटलं असतं. काईच झालं नाही. पोट्टा खेळाले लागला. रविवारी मी चर्चमदी गेली. आमच्यात साक्ष देते. ज्याच्या घरी देवानं चांगलं केलं तो उभा राहते आन सगळ्याईच्या समोर आभार मानते. पाळकसाहेब म्हणे, सालोमीबाई, उठा, पोरगं वाचलं तुमचं. मी उठली. आन तोंडातून शब्द निंघे ना. कोणाले म्हणू? ह्याले म्हणू तं नवस तिकडं फेडला. तिले म्हणू तं रातभर हाक ह्याले मारली. मी तशीच खाली बसली. लोकाईले वाटलं, रडू आलं."

त्यांनी हळकुंड उचलून पुन्हा तांदळावर ठेवलं.

"त्याच्यानंतर मी उभी राहिली नाही. पोट्टा धावी पास झाला, त्याचं लगन झालं, नात झाली. सगळं चांगलं झालं, पण मले आभार मानता येत नव्हते. अर्धे अर्धे होत होते. अर्धे आभार लय जड असते बाई, घशातच राहते. मी त्याच्याशी बोलत राहिली, कामाचं बोलत राहिली, ताप किती, पाणी किती. पण मेन गोष्ट बोलत नव्हती. एकोणतीस वर्सं."

ट्रकवरचं पाणी थांबलं होतं. शांतवन कोणाशी तरी फोनवर हसत होता.

"तुमची पोरगी आली तवा मी ठरवलं," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, हिच्यासाठी मी एकालेच हाक मारीन. वाचली तं त्याची, नाही वाचली तरी त्याचीच. कुठं जाणार नाही. चौथ्या दिवशी तुमी मले बोला म्हणे ना, तवा माहा जीव लय तळमळला. वाटलं, द्यावं काहीतरी कबूल करून. पण नाही केलं. आन ती उठली. मंग त्या रविवारी मी उभी राहिली. तुमच्या पोरीचं नाव घेऊन. सगळं सांगतलं, शांतवनचं बी सांगतलं. तो गाडीवर होता. सगळं चर्च रडलं. मी नाही रडली. एकोणतीस वर्साचे आभार एकदमच निंघाले, अख्खे."

मग त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. कामानं फुगलेली बोटं, मनगटावर दवाखान्यातल्या जंतुनाशकानं पडलेले पांढरे डाग.

"आता तुमी म्हणता तं नेते मी हे हात देवळात. तुमच्या पोरीवर माहा जीव आहे. पण मंग त्या रविवारी मी जे बोलली ते खोटं होईन. सांगा तुमीच."

मी त्या हातांकडे पाहत राहिले. माझ्या मुलीचा जीव मी त्यांच्यावर टांगला होता, आणि इतके महिने एकदाही मला वाटलं नव्हतं की ते हात कोणाचे तरी आहेत. मला भीती वाटत होती. अजूनही वाटत होती, जराही कमी झाली नव्हती. तरी मी खण घडी केला, नारळ पिशवीत घातला.

"नका येऊ मावशी," मी म्हणाले. "मी जाते."

"जाता कशा? एवढ्या भेवानं तं रस्ता बी ओलांडता येणार नाही." त्यांनी चपला घातल्या. "मी बाहेर बसते. तुमच्यासंगं यायले मनाई नाही मले."

ऑटोत आम्ही एकमेकींना लागून बसलो होतो. अंबादेवीजवळ उतरलो. मावशी एका फुलवालीच्या पाटाशेजारी बसल्या, माझ्या चपला पुढ्यात घेऊन.

"आजी, तुमी नाही जात दर्शनाले?" फुलवालीनं विचारलं.

"मी हिच्या सोबतीनं आली."

"असं कसं? इथवर येऊन?"

"सोबत इथवरच असते बाप्पा," मावशी म्हणाल्या. "तू गजरा दे तिले एक. चांगला दे, कालचा नोको."

रांगेत माझ्यापुढे नव्या नवऱ्या होत्या, मागे एक कडेवरचं लेकरू. समईचा उजेड, कुंकवाचा, तेलाचा, फुलांचा वास, आणि सगळ्या बायकांची एकत्र झालेली कुजबुज. मला वाटत होतं मी चालत नाही, कोणीतरी मला अलगद पुढे नेतं आहे. माझी पाळी आली. मी माझ्याच हातांनी ओटी पुढे केली. मला मंत्र येत नव्हता, काही मागायचंही नव्हतं. मी म्हणाले, आई, मी चुकीचा नवस बोलले. ते हात तुझ्या पायाशी आणायचा मला अधिकार नव्हता. हे माझे आहेत. राग यायचा तर माझ्यावर येऊ दे, माझ्या लेकीवर नको, आणि तिच्यावरही नको जी बाहेर बसली आहे.

एवढंच. मागच्या लेकरानं माझा गजरा ओढला आणि मी बाजूला झाले.

बाहेर मावशींनी चपला सरळ करून ठेवल्या होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी घातल्या, आणि आम्ही गर्दीतून वाट काढत निघालो. माझा हात त्यांनी कोपराशी धरला होता, रुग्णाला धरतात तसा, घट्ट नाही आणि सैलही नाही.

संध्याकाळच्या गाडीत बसल्यावर मी सासूबाईंना फोन केला.

"झालं काय?"

"झालं."

"तिनं भरली?"

खोटं बोलणं सोपं होतं. मुर्तिजापूर यायचं होतं, बाहेर अंधार पडत होता, तुरीची शेतं मागे मागे जात होती. "नाही," मी म्हणाले. "मी भरली. तिचा देव एकच आहे, आई. तिनं माझ्या रागिणीसाठी त्याचे आभार मानलेत, सगळ्यांसमोर उभं राहून. मी तिला ते मोडायला नाही लावलं."

फोनमध्ये नुसती खरखर. मला वाटलं लाईन गेली. मी दोनदा 'हॅलो' म्हणाले.

"आयकून राहिली," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात, "रागिणीसाठी उभी राहिली म्हणतं?"

"हो."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

"मंग राहू दे तिले तिच्या ठिकाणी," त्या म्हणाल्या. "अंबेले मी समजावीन. तू गाडीत काही खाल्लं काय?"